८,२९४ विहिरी, एक वक्र: बार्नेट शेलमधल्या गॅस उत्पादनाचा प्रकरण अभ्यास

शेलमधली गॅसची विहीर पहिल्या महिन्यात जितका गॅस देते, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश ती बाराव्या महिन्यात देते. तीन वर्षांनी हा आकडा एक षष्ठांशावर येतो. ही विहीर बिघडलेली नाही. चांगल्या, निरोगी शेल-विहिरीची चाल अशीच असते. तिच्या भरवशावर पैसे लावणाऱ्याला मग एकच प्रश्न पडतो: दहाव्या वर्षी काय?

या प्रश्नाचं सर्वांत स्वच्छ उत्तर ज्या क्षेत्राने दिलं, ते टेक्सासमधलं बार्नेट शेल. फोर्ट वर्थ शहराखाली आणि त्याच्या आजूबाजूच्या परगण्यांत दीड ते अडीच किलोमीटर खोलीवर हा काळा, थरांचा खडक पसरला आहे. ३२ कोटी वर्षांहून जुन्या समुद्रतळाचा हा गाळ. शेलमधल्या गॅसचा व्यापारी उपसा पहिल्यांदा इथेच जमला, त्यामुळे सर्वांत लांबलचक नोंदीही इथल्याच आहेत. त्यातच टेक्सासमध्ये गॅस-विहिरींचं उत्पादन विहीरवार, दर महिन्याला रेलरोड कमिशनकडे नोंदवावं लागतं. नाव रेल्वेचं असलं तरी त्या राज्यातल्या तेल आणि गॅसचा कारभार याच कमिशनकडे आहे. तेलाच्या बाबतीत अनेक विहिरींची एकत्र नोंद चालते. गॅसची तशी चालत नाही, आणि अभ्यासकांच्या दृष्टीने हे फार मोठं भाग्य.

खडक असा की गॅस हलतच नाही

बार्नेटमध्ये गॅस आहे हे जुन्या लोकांना माहीत होतं. तो बाहेर कसा काढायचा हे माहीत नव्हतं. जॉर्ज मिचेल यांच्या मिचेल एनर्जी कंपनीने वाइझ परगण्यात 'सी. डब्ल्यू. स्ले क्रमांक १' ही बार्नेटमधली पहिली विहीर १९८१ मध्ये खोदली. त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षं खडकाला भेगा पाडायला निरनिराळे जेल आणि फेस त्यात दाबून बघितले गेले. विहिरी चालत होत्या, पण खर्च भरून निघत नव्हता. १९९८ मध्ये निक स्टाइन्सबर्गर या अभियंत्याने महागड्या जेलऐवजी घर्षण कमी करणारं थोडं रसायन मिसळलेलं साधं पाणी प्रचंड प्रमाणात दाबायचा प्रयोग 'एस. एच. ग्रिफिन क्रमांक ४' या विहिरीवर केला, आणि तो लागू पडला. २००२ मध्ये डेव्हन एनर्जीने मिचेल यांची कंपनी घेतली आणि या पाण्याच्या फ्रॅकिंगला, म्हणजे दाबाने खडक फोडण्याच्या पद्धतीला, आडव्या विहिरींची जोड दिली. पुढची सगळी धावपळ त्यातून झाली.

खडक किती घट्ट असतो याची कल्पना यावी म्हणून एक आकडा. द्रव किंवा वायू खडकातून किती सहज वाहतो, ते मोजायचं एकक म्हणजे डार्सी. १८५६ मध्ये दिझों शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या थरातून पाणी कसं झिरपतं हे मोजणाऱ्या आंरी डार्सी यांचं ते नाव. चांगल्या वालुकाश्माची पारगम्यता मिलिडार्सीत, कधी शेकडो मिलिडार्सीत येते. शेलची नॅनोडार्सीत. म्हणजे हजारपटीने नव्हे, लाख-दहा लाखपटीने कमी. असा खडक फोडून भेगा पाडल्या नाहीत तर माणसाच्या आयुष्यात त्यातून गॅस येणार नाही. भेगा पाडल्या तरी गॅसला भेगेपर्यंतचं अंतर खडकातूनच कापावं लागतं. विहिरीचं सगळं भवितव्य या शेवटच्या दहा-वीस मीटरांत ठरतं.

आर्प्सचा वक्र आणि न संपणारी विहीर

गॅस-विहीर किती काळ चालेल हे सांगायची तेल उद्योगातली रूढ पद्धत जे. जे. आर्प्स यांनी १९४५ मध्ये मांडली. उत्पादनाच्या घसरणीला एक वक्र बसवायचा. त्यात तीन आकडे: सुरुवातीचा दर, सुरुवातीची घट, आणि वक्र किती वाकलेला आहे हे सांगणारा 'बी' हा घातांक. 'बी' शून्य असेल तर घट घातांकी, म्हणजे दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी. 'बी' एक असेल तर घट हळूहळू मंदावत जाणारी. नेहमीच्या साठ्यांत 'बी' या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतो आणि काम भागतं.

शेलच्या विहिरींना हा वक्र बसवायला गेलं की 'बी' एकच्या वर, कधी दोनच्या आसपास येतो. इथे धोक्याची घंटा वाजायला हवी. 'बी' एक किंवा त्याहून जास्त धरला, तर काळ वाढत जाईल तसं एकूण उत्पादन कुठेच थांबत नाही. कागदावर विहीर अनंत गॅस देते. 'बी' बरोबर दोन असेल तर एकूण उत्पादन काळाच्या वर्गमुळाने वाढतं: चार वर्षांत पहिल्या वर्षाच्या दुप्पट, नऊ वर्षांत तिप्पट, आणि १,६०० वर्षांत चाळीसपट. खडकात मुळात किती गॅस आहे, हे या वक्राला ठाऊकच नाही. व्यवहारात मग कुठेतरी वक्र तोडून त्याला ठरावीक वार्षिक घटीची शेपटी जोडतात. ती शेपटी कुठे जोडायची आणि किती टक्क्यांची, हे मात्र जोडणाऱ्याच्या अनुभवावर, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा त्याच्या आशेवर सोपवलेलं असतं.

२००८ च्या मध्यावर अमेरिकेत दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट गॅसचा भाव बारा डॉलरच्या वर होता. एप्रिल २०१२ मध्ये तो दोन डॉलरच्या खाली आला. मधल्या काळात शेलच्या साठ्यांबद्दल टोकाची मतं ऐकू येत होती: शंभर वर्षांचा गॅस आहे असं काही सांगत, तर विहिरी पाच-सात वर्षांत आटतील असं काही. सरकारी आकडेही डगमगले. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने देशभरातला काढता येण्याजोगा, पण अजून सिद्ध न झालेला शेल गॅस २०११ मध्ये ८२७ लाख कोटी घनफूट धरला होता. २०१२ मध्ये तोच आकडा ४८२ लाख कोटींवर आणला. एका वर्षात खडक बदलला नव्हता. बदलला होता तो अंदाज.

वर्गमूळ आणि हद्द

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातले पेट्रोलियम अभियंते टॅड पॅट्झेक, पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी फ्रँक मेल आणि त्याच विषयाचे प्राध्यापक मायकेल मार्डर यांनी २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची वाट उलटी होती. विहिरीच्या नोंदीला वक्र बसवत बसण्याऐवजी त्यांनी विचारलं: या खडकाचं भौतिकशास्त्र जपणारं सर्वांत साधं चित्र कोणतं?

चित्र असं. आडव्या विहिरीला काटकोनात, समान अंतरावर, एकमेकींना समांतर सपाट भेगा. पावाच्या कापांसारखी रचना. दोन भेगांमध्ये शेलचा एक काप. खडकात सुरुवातीला दाब सुमारे ३,५०० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), भेगेत सुमारे ५००. गॅस दोन्ही बाजूंच्या भेगांकडे सरळ रेषेत वाहतो. बाहेरच्या खडकातून काहीच येत नाही. बस्स, इतकंच.

आता कापाच्या आत काय होतं ते बघा. भेगेला लागून असलेल्या गॅसचा दाब आधी उतरतो. मग त्याच्या मागच्याचा, मग त्याच्याही मागच्याचा. कमी दाबाची ही सीमा खडकात आत आत सरकते, पण दमत दमत: दुप्पट अंतर जायला चौपट वेळ. तापलेली सळई एका टोकाने गार होते तेव्हा जे गणित चालतं तेच इथे. बोअरच्या उपशाची चाचणी घेणारे भूजलवाले लोकही याच समीकरणाची गोलाकार आवृत्ती वापरतात. वाहण्याचा दर काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्तात घटत जातो, आणि पहिल्या परिच्छेदातले एक तृतीयांश आणि एक षष्ठांश तिथूनच आले: बाराचं वर्गमूळ साडेतीनच्या जवळ, छत्तीसचं सहा.

एके दिवशी मात्र समोरच्या भेगेकडून येणारी सीमा आपल्या सीमेला येऊन मिळते. कापाच्या मध्यावर दोन्ही हद्दी भिडतात. आता आत सरकायला नवा, अस्पर्श खडक उरलेला नाही; आहे त्याच गॅसमधून काढायचं. इथून पुढे घट घातांकी होते, म्हणजे कितीतरी वेगवान. आपल्याकडे शेजारशेजारच्या दोन बोअरचं पाणी एकमेकांत ओढलं जायला लागतं, तसंच. फरक इतकाच की बोअरला पुढचा पावसाळा असतो.

अंदाजाने एक हिशेब मांडू. पारगम्यता १०० नॅनोडार्सी, सच्छिद्रता ६ टक्के, गॅसची चिकटता आणि दाबली जाण्याची क्षमता त्या खोलीवर असते तशी. भेगेपासून कापाच्या मध्यापर्यंत १५ मीटर अंतर असेल तर हद्दी भिडायला साधारण साडेतीन वर्षं लागतात. अंतर ३० मीटर असेल तर जवळजवळ चौदा. भेगा किती जवळ पडल्या यावर विहिरीचं आयुष्य असं वर्गाच्या पटीत फिरतं, आणि भेगा तर दोन किलोमीटर खाली आहेत. कोणी पाहिलेल्या नाहीत.

या चित्रात प्रत्येक विहिरीसाठी दोनच आकडे लागतात: तिच्या हद्दीतला गॅस किती, आणि हद्दी भिडायला काळ किती. काळाचा अक्ष दुसऱ्या आकड्याने भागा, उत्पादनाचा पहिल्याने, की सगळ्या विहिरी एकाच वक्रावर येऊन बसायला हव्यात. त्या तिघांनी बार्नेटमधल्या ८,२९४ आडव्या विहिरींवर हे करून पाहिलं. त्यातल्या २,०५७ विहिरींमध्ये हद्दी भिडल्याचं स्पष्ट दिसत होतं, आणि त्या खरोखरच त्या एका वक्रावर उतरल्या. वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लांबीच्या खोदलेल्या विहिरी. तो आलेख मी जेव्हा पहिल्यांदा पाहिला तेव्हा थोडा वेळ नुसता बघत बसलो होतो. इतक्या ओबडधोबड खडकातून इतकी शिस्त निघेल असं वाटलं नव्हतं.

दोन विहिरी, एकच नोंद

पण माझ्या मते या अभ्यासाचा खरा गाभा उरलेल्या ६,२३७ विहिरींत आहे. त्या अजून वर्गमुळाच्या टप्प्यातच होत्या.

समजा 'अ' विहिरीच्या हद्दीत २ अब्ज घनफूट गॅस आहे आणि तिच्या हद्दी भिडण्याचा काळ ४ वर्षं. 'ब' विहिरीच्या हद्दीत ४ अब्ज आणि काळ १६ वर्षं. वर्गमुळाच्या टप्प्यात उत्पादन ठरतं ते हद्दीतला गॅस भागिले काळाचं वर्गमूळ या एका गुणोत्तरावर. 'अ' साठी २ भागिले २, म्हणजे १. 'ब' साठी ४ भागिले ४, तेही १. म्हणजे दोन्ही विहिरींची नोंद पहिली दोन-तीन वर्षं महिन्यामागून महिना तंतोतंत सारखी. पहिल्या वर्षी दोघींचे सुमारे ६४ कोटी घनफूट. नंतर 'अ' वाकायला लागते, 'ब' आपली चाल सोडत नाही, आणि अखेरीस 'ब' चं एकूण उत्पादन 'अ' च्या दुप्पट भरतं.

दोन वर्षांची नोंद समोर ठेवून कुणी ठामपणे सांगत असेल की ही विहीर 'ब' आहे, तर तो नोंदीतून बोलत नाही. नोंदीत ती माहितीच नाही. आकडेमोड कितीही बारीक केली, संगणक कितीही मोठा आणला, तरी दोन अज्ञातं एका गुणोत्तरातून सुटी होत नाहीत. म्हणून निबंधाच्या लेखकांनी या ६,२३७ विहिरींना एक आयुष्य न देता खालची आणि वरची मर्यादा दिली. खालची सोपी: विहीर आतापर्यंत वाकलेली नाही, म्हणजे भिडण्याचा काळ निदान तिच्या वयाइतका तरी आहेच. वरची येते खडकाच्या भूगर्भशास्त्रातून, त्या जागी मुळात किती गॅस मावेल त्यावरून. हा प्रामाणिकपणा मला त्या वक्रापेक्षाही मोलाचा वाटतो.

सराव म्हणून मी सार्वजनिक नोंदींतल्या विहिरी काढून बघतो, तेव्हा पहिला आलेख नेहमी एकच असतो: आडव्या अक्षावर काळाचं वर्गमूळ, उभ्यावर एकूण उत्पादन. रेषा सरळ असेल तोवर हद्दी भिडलेल्या नाहीत. ती खाली वाकली तर लगेच हद्द भिडली असं मात्र म्हणू नये. विहिरीत पाणी साचून गॅस अडला असेल. गोळा करणाऱ्या नळाचा दाब वाढला असेल. शेजारी नवी विहीर फ्रॅक करताना ही काही आठवडे बंद ठेवली असेल. एका विहिरीच्या रेषेला अठ्ठाविसाव्या महिन्यात सुरेख बाक दिसला होता, आणि मी तो हद्दीचा धरूनही टाकला होता. पुढे चौतिसाव्या महिन्यात ती पुन्हा जुन्या उताराला लागली. खरा बाक परत फिरत नाही. त्यामुळे बाक दिसल्यावर निदान वर्षभराच्या नोंदी पुढे बघितल्याखेरीज मी आता काही लिहीत नाही.

नॅनोछिद्रांचं काय?

या विषयावरचे पुष्कळ शोधनिबंध वेगळ्याच बाजूला झुकलेले आहेत. बार्नेटच्या खडकाचा पृष्ठभाग आर्गॉनच्या आयनांनी घासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्यातल्या सेंद्रिय द्रव्यात नॅनोमीटरच्या मापाची छिद्रं सापडली. अशा छिद्रांत वायूचे रेणू एकमेकांपेक्षा भिंतींवर जास्त आदळू लागतात, भिंतीशी घसरतात, आणि गॅस डार्सीच्या नियमाने सांगितल्यापेक्षा जास्त वाहतो. हे खरं आहे, आणि सुंदरही आहे. पण ३,५०० पीएसआय दाबाखाली मिथेनच्या रेणूला दोन टकरींमध्ये मिळणारं अंतर साध्या वायू-सिद्धांताने काढलं तर जेमतेम ०.३ नॅनोमीटर येतं. दाब ५०० वर उतरला की सुमारे २. म्हणजे दहा-वीस नॅनोमीटरच्या छिद्रांत ही दुरुस्ती दाब उतरल्यावर, उशिरा, जाणवण्याजोगी होते. सेंद्रिय द्रव्याला चिकटून बसलेल्या गॅसचंही तसंच. दाब बराच खाली गेल्याशिवाय तो मोठ्या प्रमाणात सुटत नाही.

म्हणून मला वाटतं, पहिल्या पाच-सात वर्षांच्या उत्पादनासाठी या बारकाव्यांच्या मागे लागण्याआधी भेगांमधलं अंतर आणि विहिरीच्या हद्दीतला गॅस यांची शंका मिटवायला हवी. तिथली अनिश्चितता दुपटी-चौपटीची आहे. नॅनोछिद्रांची दुरुस्ती तिच्यापुढे लहान पडते.

साध्या चित्राच्या उणिवा आहेतच. प्रत्यक्षात भेगा सारख्या अंतरावर नसतात. काही खुलतात, काही मिटून जातात. आणि बाहेरच्या खडकातून काहीच येत नाही हे गृहीतक तर म्हाताऱ्या विहिरींच्या बाबतीत चुकतंच: तिथून हळूहळू का होईना गॅस येत राहतो आणि शेपटी घातांकी घटीपेक्षा लांब होते. मार्डर आणि पॅट्झेक यांनी पुढच्या कामात ही भर स्वतःच हिशेबात घेतली.

क्षेत्राचा अंदाज आणि पुढे काय झालं

एका विहिरीवरून क्षेत्रावर जायचं तर नव्या विहिरी किती खोदल्या जातील हेही धरावं लागतं. त्याच विद्यापीठाच्या ब्युरो ऑफ इकॉनॉमिक जिऑलॉजीने २०१३ च्या सुरुवातीला सुमारे १६ हजार विहिरींच्या नोंदींवरून बार्नेटचा अंदाज दिला: एकूण ४४ लाख कोटी घनफूट काढता येईल, आणि वार्षिक उत्पादन त्यावेळच्या शिखरावरच्या २ लाख कोटींवरून २०३० पर्यंत सुमारे ९० हजार कोटींवर येईल. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने २००३ मध्ये अजून न सापडलेला गॅस २६ लाख कोटी घनफूट धरला होता. २०१५ मध्ये तो ५३ लाख कोटी केला.

प्रत्यक्षात भाव पडले, कंपन्यांनी आपले रिग, म्हणजे खोदाईची यंत्रं, दुसऱ्या क्षेत्रांकडे हलवले, आणि बार्नेटमधली नवी खोदाई जवळजवळ थांबली. २०३० साठी सांगितलेल्या पातळीला क्षेत्र २०२० च्या आसपासच आलं. मॉडेल चुकलं का? विहिरींचं नाही चुकलं. जुन्या विहिरी आपापल्या वक्रावरून उतरत राहिल्या आणि त्यांची भरपाई करायला नव्या आल्या नाहीत. २०२० मध्ये डेव्हननेही आपल्या बार्नेटमधल्या विहिरी विकल्या. त्या थायलंडच्या बानपू समूहाकडे गेल्या.

या हिशेबाचं एक टोक कोकणातही येऊन पोचतं. गेलने २०११ मध्ये लुइझियानातल्या सबीन पास इथून वर्षाला ३५ लाख टन द्रवरूप गॅस वीस वर्षं घेण्याचा करार केला, आणि त्याचं पहिलं जहाज ३० मार्च २०१८ ला दाभोळला लागलं. अमेरिकेच्या नळजाळ्यातून येणारा हा गॅस आता मोठ्या प्रमाणात शेलचा. वीस वर्षांचा पुरवठा एखाद्या विहिरीच्या जोरावर उभा राहत नाही. एक विहीर वाकत असताना दुसरी खोदली जात राहिली तरच तो टिकतो. म्हणून अशा करारात बसलेल्या माणसाला विहिरीच्या घटीइतकीच खोदाईच्या वेगाची नोंद ठेवावी लागते, आणि ती दर आठवड्याला बदलते.

२०१३ मध्ये ज्या ६,२३७ विहिरींना फक्त मर्यादा देता आल्या, त्यांच्या नोंदी आता दहा वर्षांहून अधिक लांबल्या आहेत. त्या रेलरोड कमिशनच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. विहीर निवडायची, मासिक उत्पादनाची बेरीज करत जायची, महिन्यांचं वर्गमूळ काढायचं, आणि रेषा कुठे वाकते ते पाहायचं. साध्या स्प्रेडशीटवर हे काम एका विहिरीला दहा मिनिटांत होतं.